‘विपर्यास’ नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : आमच्या वसईत मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात पोप फ्रान्सिस यांच्या विधानांवरून अजून वाद होतात. एक जण म्हणतो, ‘पेपरवाल्यांनी विपर्यास केला.’ दुसरा म्हणतो, ‘पोपच मोघम बोलले.’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

प्रतिसाद : नाही चालत, ताई. विपर्यास म्हणजे वि + परि + अस्, उलटंपालटं करून टाकणं. उलटवायला आधी काहीतरी सरळ ठेवलेलं असावं लागतं.

जुलै 2013 मध्ये रिओहून रोमला परतताना पोप विमानात जे बोलले, त्याचा आशय असा : एखादी व्यक्ती समलिंगी असेल, प्रभूला शोधत असेल, तिची नियत चांगली असेल, तर तिचा न्याय करणारा मी कोण? मथळ्यांत शेवटचे चार शब्दच उरले. तीन ‘असेल’ आणि एक ‘तर’ गळाला. हा माझ्या मते विपर्यासच; शब्द त्यांचेच, पण अट गेली.

मराठीत आणखी एक गोंधळ होतो. आपल्याकडे न्याय मिळणं ही चांगली गोष्ट, त्यामुळे ‘न्याय करणारा मी कोण’ हे न्याय नाकारल्यासारखं ऐकू येतं. मत्तयच्या सातव्या अध्यायात मराठी बायबल ‘दोष काढू नका’ म्हणतं. मग ‘दोष काढणारा मी कोण?’ असंच का लिहू नये?

दुसरा प्रतिसाद : ‘ला रेपुब्लिका’ या इटालियन दैनिकातली पोपची ऑक्टोबर 2013 ची मुलाखत मात्र विपर्यासात बसत नाही. मुलाखत घेणारे पत्रकार स्काल्फारींनी टेप लावली नव्हती, टिपणंही घेतली नव्हती, आठवणीतून लिहिलं. व्हॅटिकनने आधी ती आपल्या संकेतस्थळावर ठेवली आणि नोव्हेंबरमध्ये काढली. ताडून पाहायला मूळ शब्दच नाहीत. याला आपली आजी ‘पदरचं घालून सांगणं’ म्हणाली असती.

पहिला : मान्य. आणि ‘मोघम’ कुठे लागतो ते ‘अमोरिस लेतिसिया’ या पोपच्या 2016 च्या कुटुंबविषयक दस्तऐवजात दिसतं. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, मिळेल का, हा इतका मोठा प्रश्न, आणि सगळा वाद 351 क्रमांकाच्या तळटीपेवर. ‘काही बाबतींत’ संस्कारांचीही (कम्युनियनसारख्या चर्चच्या पवित्र विधींचीही) मदत होऊ शकते, एवढंच तिथे आहे. कोणत्या बाबतींत? इथे पेपरवाल्यांना बोल लावणं अन्यायाचं आहे. लेखी मजकूर समोर आहे आणि तोच मोघम आहे.

प्रश्नकर्ती : त्यावरच चार कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्या खालोखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, पोपना ‘दुबिया’ हे लेखी प्रश्न पाठवले होते ना? त्या लॅटिन शब्दाला मराठीत संशय म्हणू?

पहिला : कृपा करून नको. आपण शंका विचारतो आणि संशय घेतो. त्यांनी पाच प्रश्न विचारले होते, हो की नाही एवढं उत्तर पुरेल असे. थेट उत्तर आलं नाही, तरी विचारणं हा त्यांचा हक्कच होता. ‘कार्डिनलांचा पोपवर संशय’ असं छापलं की विचारणाराच आरोपी होतो. ‘शंका’ लिहा.