वायफाय फुल्ल, पण नेट गायब

कालपासून मोबाईलवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतायत पण नेटच नाही, राउटर चारदा बंद-चालू करून थकले, उद्या मुलीची ऑनलाईन परीक्षा आहे, प्लीज सांगा कोणीतरी!

> ताई, दांड्या म्हणजे फक्त मोबाईल ते राउटर, पुढचं काही कळत नाही त्यातून. फायबरचं नेट असेल तर त्याच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे बाहेरून सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागलाय का?

> आणि त्या डब्यात येणारी फायबरची बारीक वायर कुठे दुमडली नाहीये ना? आत काच असते, घट्ट वळली की प्रकाशच पुढे जात नाही.

लाल दिवाच होता! वायर सोफ्याच्या पायाखाली चेपलेली, सोफा सरकवला आणि विझला, खूप खूप आभार. आतल्या खोलीत मात्र अजून स्लो.

> तिथे वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ ला जोडा, भिंतीपलीकडे तेच जास्त पोचतं. परीक्षेला लॅपटॉप असेल तर राउटरपासून लॅपटॉपला सरळ लॅन वायर लावा.