अनुभव धागा: गडद रंग, रिसेप्शन आणि आपली फजिती

पदरवाली: काल पैठणीची घडी बदलायला कपाट उघडलं (एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली की काठाची जर तिथेच तुटते) आणि 2011 सालचं दिराचं रिसेप्शन आठवलं. बाटलीहिरवी, राणी काठ. दुकानात ट्यूबलाइटखाली पाचूसारखी दिसली होती. लॉनवरच्या पिवळ्या दिव्यांत चक्क काळी! चुलतसासूबाई सगळ्यांदेखत, "आज संक्रांत आहे का गं?" पुढचे दोन तास मी पदर पसरून लोकांना मोर दाखवत हिंडले. त्यात ठुशी, मोहनमाळ, लक्ष्मीहार, सगळं एकदम घातलेलं. फोटोत सराफाचं दुकान दिसतं, मी नाही. लिहा तुमचेही.

आळूवडी: 😂😂 संक्रांत!! मेले हसून

येवलेकरीण: गडद रंग कधीही दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघायचा. आणि मग दुकानदाराला सांगायचं, आता पिवळा दिवा लाव. कुरकुरतो, पण लावतो. संध्याकाळसाठी धूपछांव घ्या. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे) दुसऱ्या, त्यामुळे हललं की रंग बदलतो, मेला दिवा कसाही असो. माझी जांभळी-लाल आहे, आजवर कुणी काळी म्हटलेली नाही.

नीलकंठ: बायकांचाच धागा आहे का? मेव्हण्याचं लग्न, नागपूर, मे महिना, आणि मी गडद निळ्या मखमलीचा बंदगळा शिवलेला. हौस! वरात दारात येईपर्यंत घामाने रंग सुटला. कोट काढला तर मानेला निळी पट्टी, पांढऱ्या शर्टाची कॉलर निळी. सासुरवाडीत अजून याच नावाने हाक मारतात. आयडी उगाच नाही घेतलेला.

आळूवडी: नीलकंठ, आतून अस्तर नव्हतं का?

नीलकंठ: होतं. तेही निळंच.

जर्सीकर: इकडे ऑफिसच्या पार्टीच्या निमंत्रणावर ब्लॅक टाय लिहिलेलं, म्हणजे काळा सूट आणि बो टाय असा थाटाचा पोशाख. नवऱ्याने इमानेइतबारे चौकड्याच्या शर्टावर काळा टाय लावला. मी आजीची डाळिंबी इरकल नेसले होते, टोपपदराची. गळ्यात फक्त मोत्यांचा तन्मणी, कानात कुड्या, बाकी काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा कमी दागिने घातले, तेही बाकीचे लॉकरमध्ये भारतात राहिले म्हणून. रात्रभर लोक तन्मणीबद्दलच विचारत होते. गडद रेशमावर मोती उठून दिसतात, सोनं काठातच पुरेसं असतं हे तेव्हा कळलं. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

येवलेकरीण: बिचारा 😄 नेसवून कुणी दिली?

जर्सीकर: आईने. व्हिडिओ कॉलवर. तिकडे पहाटेचे चार.

सुगरण_नाही: मी वाइन रंगाची साडी ठरवली आणि टेलरने ब्लाउज आणून दिला तो मरून. म्हणे एकच की ताई. एकच??? ऐन वेळी बहिणीचा मोरपंखी घातला, तोच सगळ्यांना आवडला. तेव्हापासून मॅचिंग बंद. बाय द वे, पदरवाली, त्या रिसेप्शनला जेवण कसं होतं?

पदरवाली: मठ्ठा छान होता. थोडा पैठणीवर सांडला, अजून पुसट डाग आहे.

आळूवडी: ड्रायक्लीनलाच द्या हं, घरी पाणी लावू नका. आणि डांबरगोळ्या जरीला टेकवू नका.

पदरवाली: हो हो. पुढच्या महिन्यात भाचीचं रिसेप्शन आहे, हॉलमध्ये, पांढरे दिवे आहेत हे विचारून घेतलंय. तीच नेसणार, फक्त तन्मणीवर. आमच्याकडे तन्मणी नाहीये ही वेगळी गोष्ट. जर्सीकर, येणारेस का भारतात? 🙈 थांबा, दूध उतू गेलं