नडगी दुखतेय, शिन स्प्लिंट की फ्रॅक्चर? भरतीची तयारी चालू आहे

भरती_सातारा:
नमस्कार मंडळी, पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरचं टायमिंग आत्ता कुठं बसायला लागलं होतं आणि दोन्ही नडग्या आतल्या बाजूनं ठणकायला लागल्यात. सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, घरी आलो की परत चालू. ग्राउंडवर कोण म्हणतं लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय पळत रहा निघून जाईल, कोण म्हणतं शिन स्प्लिंट, कोण म्हणतं हाडाला चीर गेली असेल, एकजण तर म्हणाला प्रोटीन पावडर घे. नेमका फरक काय आणि मी पळू का थांबू?

फिजिओ_कोल्हापूर:
दादा, लॅक्टिक अ‍ॅसिडचं डोक्यातून काढून टाका, ते पळून थांबल्यावर तासाभरात रक्तातून कमी होतं, दिवसेंदिवस साठून बसत नाही. जोराचा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात ना, ते डॉम्स, स्नायूंना झालेली बारीक इजा, आपोआप बरी होते. तुमचं वेगळं आहे.

आता असं करा, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली या. पाच सेंटीमीटर किंवा जास्त लांबीच्या पट्ट्यात दुखलं तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे सततच्या भारानं नडगीच्या हाडाच्या कडेला आणि तिथल्या स्नायूंना आलेलं दुखणं. पण एकाच जागी, नाण्याएवढ्या ठिकाणी, दाबल्यावर कळ मारली, रात्री झोपेतही ठणकलं किंवा साधं चालतानाही दुखलं तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या भारानं हाडाला गेलेल्या बारीक चिरेची शंका घ्यायची, पळणं त्याच दिवशी बंद आणि ऑर्थोपेडिककडे जायचं. एक्सरे नॉर्मल आला म्हणून लगेच ग्राउंडवर जाऊ नका, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत चीर एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते.

जुना_धावपटू:
भावा, फिजिओंनी बरोबर सांगितलंय. भरतीची जाहिरात आली की पोरं एकदम रोजचं अंतर दुप्पट करतात, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटात. हाडाला वाढलेला भार पचवायला वेळ लागतो, दम आधी तयार होतो आणि हाड मागं राहतं. पट्ट्यात दुखत असेल तर दोन-तीन आठवडे पळणं निम्म्यावर आण किंवा थांबव, सायकल नाहीतर पोहणं चालू ठेव म्हणजे दम टिकेल. रोज टाचा उचलायचा व्यायाम कर. परत सुरू करताना मातीवर, एक दिवसाआड. आणि गोळाफेक आहेच की, मैदानीचे ५० मार्क आहेत त्यातले १५ तिथं आहेत, तोवर त्याच्यावर काम कर.

माण_ची_पोरगी:
खाण्याचं मी सांगते. साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन लागतं, पळणाऱ्याला १.२ ते १.६ धरा. म्हणजे ६० किलोच्या पोराला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात २० च्या आसपास, सोयाबीन वडीत १०० ग्रॅमला ५० च्या वर. पावडर नसली तरी भागतं, पण पावडरनं नडगी बरी होत नाही हे खरं. पोटभर खात नसाल तर हाड भरून यायलाही वेळ लागतो.

आणि ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलींनो, वजन कमी करायच्या नादात भाकरी सोडू नका. पाळी चुकायला लागली आणि नडगी दुखतेय, असं दोन्ही एकत्र असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, लाजू नका. कमी खाल्ल्यानं हार्मोन बिघडतात आणि हाडं कमजोर होतात.

भरती_सातारा:
धन्यवाद सगळ्यांना. दाबून बघितलं, डाव्या पायाला पट्ट्यात दुखतंय पण उजव्याला एका जागी लय कळ येते. पेनकिलर घेऊन उद्याची ट्रायल मारू का?

फिजिओ_कोल्हापूर:
अजिबात नको. गोळीनं दुखणं कळणार नाही आणि चीर असेल तर ती वाढेल, मग महिने जातील. उद्या ट्रायल सोडा आणि सकाळी ऑर्थोपेडिकला उजवा पाय दाखवा, एका जागी दुखतंय हे स्वतः बोट ठेवून सांगा.