एचआरटी घ्यावी का? आणि नवऱ्याचं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय त्याचं काय?

सांजवेळ

वय ५२, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. आधी कधी पंधरा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी अशी चालू होती तेव्हा काही वाटलं नाही, पण आता जे चाललंय ते खरंच सहन होत नाहीये. रात्री गाढ झोपेत छातीपासून एकदम गरम वाफ वर चढते, मान, चेहरा, कानाच्या पाळ्यासुद्धा तापतात, गाऊन ओला होतो, पंखा फुल करते आणि पाच मिनिटांत थंडी वाजायला लागली की पुन्हा पांघरूण ओढते. रात्रभर हेच. सकाळी डोकं जड, मीटिंगमध्ये बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, आणि बोटांचे सांधे धरलेत ते वेगळंच.

गायनॅकने एचआरटी, म्हणजे कमी झालेले हार्मोन बाहेरून देणं, सुचवलीय, इस्ट्रोजेनचा पॅच आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या अजिबात घेऊ नकोस, त्याने ब्रेस्ट कॅन्सर होतो. फॅमिली डॉक्टर म्हणतात निसर्गाचं आहे, वर्ष-दोन वर्षं काढा, आपोआप जाईल.

त्यात नवऱ्याचं वेगळं. वय ५८, सतत दमलेला, पोट सुटलंय, घोरणं वाढलंय. ऑफिसमधून येता येता संध्याकाळी टेस्टोस्टेरॉन तपासून आला, ३१० आलं, आणि जिमचा ट्रेनर म्हणतोय इंजेक्शनं सुरू करा. आता त्याचं म्हणणं, वयाने हार्मोन दोघांचेही कमी झालेत मग तू घेणार तर मी का नको. मला उत्तर देता आलं नाही. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

रानजाई

ताई, मी घेते, पॅचच. बेंबीच्या खाली किंवा ढुंगणावर लावायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, दर वेळी जागा वेगळी. काढल्यावर गोंदाचा काळपट चौकोन राहतो, तो साबणाने घासत बसू नका, थोडं तेल लावलं की निघतो. कॅप्सूलने झोप येते म्हणून ती रात्रीच घ्यायची. सुरुवातीचे काही महिने मध्येच स्पॉटिंग झालं, छाती दुखरी झाली, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. घामाच्या लाटा मात्र काही आठवड्यांतच इतक्या कमी झाल्या की सलग झोप म्हणजे काय ते पुन्हा कळलं. सांध्यांना थोडाफार फरक पडला, पूर्ण नाही.

आणि "वर्ष-दोन वर्षं काढा" हे कुणी म्हणालं की मला फार राग येतो. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून जो अभ्यास झाला त्यात वारंवार हॉट फ्लॅशेस, म्हणजे याच गरम लाटा, येणाऱ्या बायकांमध्ये ते साधारण सात वर्षांच्यावर टिकले होते, आणि ज्यांना पाळी जायच्या आधीच सुरू झाले त्यांना तर त्याहून जास्त. सात वर्षं झोपेशिवाय काढायची? कशासाठी?

जुना_वाचक

औषधांच्या क्लिनिकल ट्रायल्सवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाऊबाईंची भीती हवेतून आलेली नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या अभ्यासातला एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला. १६,६०८ बायका होत्या, निम्म्यांना इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध), बाकीच्यांना डमी गोळी. वर्षाला दर १०,००० बायकांमागे ब्रेस्ट कॅन्सर ३० च्या जागी ३८ दिसले, स्ट्रोक ८ ने जास्त, हार्टचे प्रसंग ७ ने जास्त, फुफ्फुसातल्या गुठळ्या ८ ने जास्त. उलट हिप फ्रॅक्चर ५ ने आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर ६ ने कमी. बातम्यांमध्ये मात्र "कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो" एवढंच आलं, आणि जगभर बायकांनी रातोरात गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांनी लिहून देणंही बंद केलं.

आता बघा, त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं किंवा जास्त झालेली. अभ्यास हॉट फ्लॅशेससाठी नव्हताच, हार्ट अटॅक आणि असे मोठे आजार टळतात का ते बघायला होता. औषध पण तोंडाने घ्यायचं, गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं प्रोजेस्टिन. तुम्हाला सुचवलंय ते यातलं काहीच नाही. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे काढल्यावर असं दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हार्टचं गणित बदलतं, आणि आज मोठ्या संघटनांचा सल्ला याच दहा वर्षांच्या खिडकीवर उभा आहे. तुम्ही त्या खिडकीत आहात.

पॅचचं म्हणाल तर गोळी आधी लिव्हरमधून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, पॅच ते टाळतो. निरीक्षणात्मक अभ्यासांत पॅचवर गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. प्रोजेस्टेरॉन कशाला, तर गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन दिलं की अस्तर वाढत जातं आणि तिथला कॅन्सर वाढतो, हे १९७५ मध्येच लक्षात आलं होतं. त्यामुळे ती कॅप्सूल चुकवायची नाही, पॅचने बरं वाटतंय म्हणून ती सोडून द्यायची हे तर मुळीच नाही.

पुन्हा_पालवी

जुना_वाचक, तुमची माहिती बरोबर आहे पण "दहा हजारात आठ" ऐकलं की लोकांना वाटतं काहीच नाही. तो आकडा एका वर्षाचा आहे हो. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५८ अभ्यास एकत्र करून जे आलं त्यात पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेन घेतलं तर पुढच्या काळात, म्हणजे ५० ते ६९ वयात, साधारण दर ५० बायकांमागे एक जादा ब्रेस्ट कॅन्सर असा हिशोब आहे. नुसत्या इस्ट्रोजेनला तो २०० मागे एक. वाढ जितकी वर्षं घ्याल तितकी. मला स्वतःला हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, मी एचआरटी कधीच घेतली नव्हती, तरी हे लिहिते कारण निर्णय घेणाऱ्या बाईला दोन्ही आकडे समोर हवेत.

आणि माझ्यासारख्यांना ही वाट बंद आहे. वर कॅन्सरच्या गोळ्यांनी त्याच लाटा दुप्पट येतात. मला कमी डोसचं व्हेन्लाफॅक्सिन दिलंय, ते खरं डिप्रेशनचं औषध पण हॉट फ्लॅशेसवर चालतं, काहींना रात्री गॅबापेंटिन देतात. २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट नावाची हार्मोन नसलेली गोळी पण मंजूर झाली, ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागावर काम करते, लिव्हरच्या टेस्ट मात्र करत राहाव्या लागतात. घेता येत नाही म्हणजे उपायच नाही असं समजून कुणी गप्प बसू नका.

जुना_वाचक

पटलं, तो आकडा मी द्यायलाच हवा होता. त्यात एकच जोडतो, त्या ५८ अभ्यासांत बहुतेक जुन्या प्रकारची प्रोजेस्टिन्स होती. कॅप्सूलमधलं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन त्यापेक्षा सौम्य असावं असं काही निरीक्षणांतून वाटतं, पण डबल ब्लाइंड ट्रायलने (कुणाला कुठलं औषध मिळतंय ते रुग्ण-डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं अशी चाचणी) सिद्ध झालेलं नाही.

उत्तररात्र

नवऱ्याच्या प्रश्नावर मी लिहितो कारण मी टेस्टोस्टेरॉनवर आहे. पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, नंतर माझं स्वतःचं जवळजवळ बनेनासंच झालं. मला ते हवंच आहे, आणि म्हणूनच ट्रेनरच्या सल्ल्यावर सुरू करणारे बघितले की जीव तुटतो.

तुमच्या "तू घेणार तर मी का नको" ला उत्तर असं की दोघांचं कमी होणं एकसारखं नसतंच. बाईचं इस्ट्रोजेन मेनोपॉजच्या काही वर्षांत कड्यावरून खाली आल्यासारखं पडतं, पुरुषाचं तिशी-चाळिशीपासून वर्षाला साधारण १ टक्का असं उतारावरून येतं, आणि त्यातही वजन, डायबेटिस, झोप, चालू औषधं यांचा वाटा मोठा असतो.

दुसरं, ते ३१० धरूच नका. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवसभरात उतरतं. सॅम्पल सकाळी लवकर, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा कमी आलं, सोबत लक्षणं असली, की मग एलएच, प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीतले हार्मोन बघून बिघाड खाली वृषणांत आहे की वर मेंदूत ते ठरतं. कमी कशाला म्हणायचं ती रेषा सुद्धा २६४ ते ३०० नॅनोग्रॅमच्या आसपास वेगवेगळी धरतात. ३१० संध्याकाळचं असेल तर सकाळी ते सहज नॉर्मल निघू शकतं.

तिसरं, घोरणं वाढलंय म्हणालात ना, आधी स्लीप ॲप्निआ, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, तपासा. दिवसभराचा थकवा, सुटलेलं पोट, कमी टेस्टोस्टेरॉन हे सगळं त्यातूनही येतं, आणि उपचार न केलेल्या ॲप्निआत इंजेक्शन दिलं तर तो बिघडू शकतो.

फायदा तरी किती? २०१६ मध्ये ६५ च्या वरच्या ७९० पुरुषांवरच्या ट्रायल्स आल्या, खरंच कमी असलेल्यांत. लैंगिक इच्छा बऱ्यापैकी सुधारली, थकव्यात म्हणावा तसा फरक नाही. २०२३ ची मोठी ट्रायल, पाच हजारांवर पुरुष, ४५ ते ८० वयाचे, त्यात हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत हा मोठा दिलासा, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, किडनीला इजा आणि फुफ्फुसातली गुठळी हे जास्त दिसलं. फ्रॅक्चरसुद्धा कमी न होता थोडे जास्तच निघाले.

बाहेरून घेतलं की वृषणांना वरून येणारा सिग्नल थांबतो, ती आक्रसतात, शुक्राणू खूप कमी होतात. सोडल्यावर स्वतःचं परत चालू व्हायला महिने लागतात. रक्त घट्ट होतं म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघत राहावं लागतं, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की थांबवतात. प्रोस्टेटसाठीची पीएसए टेस्ट वेगळी. ट्रेनर यातलं काय बघणार आहे?

हिरवा_कोपरा

मग ॲंटी-एजिंगवाले डीएचईए (शरीरातलाच आणखी एक हार्मोन) आणि ग्रोथ हार्मोन देतात त्यात तथ्य आहे का? वडील विचारतायत.

जुना_वाचक

देऊ नका. ग्रोथ हार्मोनची सगळी हवा १९९० च्या एका लहानशा अभ्यासातून सुरू झाली, साठीच्या वरच्या जेमतेम डझनभर पुरुषांना सहा महिने दिलं, चरबी कमी झाली, स्नायू वाढले. पण पुढच्या अभ्यासांत ताकद काही वाढली नाही, सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणं आणि शुगर वाढणं मात्र मिळालं. डीएचईए वयाने खूपच उतरतं हे खरं, म्हणून ते भरून काढून २००६ मध्ये दोन वर्षांची ट्रायल झाली, ना ताकद वाढली ना जगणं सुधारलं. कमी झालंय एवढ्यावरून भरायला हवं असं ठरत नाही, भरून काय मिळतं ते तपासावं लागतं. मेनोपॉजच्या लाटांवर इस्ट्रोजेन या तपासणीत उतरलंय, ही दोन उतरलेली नाहीत.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. गायनॅककडे परत जाणार आहे, मॅमोग्राफी आणि बीपी झालंय, आईला उतारवयात हिप फ्रॅक्चर झालं होतं म्हणून हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन पण विचारते. अहोंनी उत्तररात्र यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि स्लीप स्टडीला तयार झालेत. एकच विचारायचं होतं, खालचा कोरडेपणा आणि वारंवार लघवीचं इन्फेक्शन याला पॅच पुरतो का?

रानजाई

मला पुरला नाही. त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम वेगळं मिळतं, अगदी कमी डोस, रक्तात फारसं जात नाही. सुरुवातीला रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. लाटा काही वर्षांनी जातात पण हा त्रास स्वतःहून जात नाही, वाढतच जातो, म्हणून डॉक्टर विचारत नसतील तर आपणच विषय काढायचा.

पुन्हा_पालवी

हे माझ्यासारखीला चालतं का? ऑन्कॉलॉजिस्टना आजवर विचारलंच नाही.

जुना_वाचक

आधी हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट वापरून बघायची, त्याने भागलं नाही तर ऑन्कॉलॉजिस्टच्या संमतीने कमी डोसचं क्रीम काही जणींना देतात. कॅन्सरच्या गोळ्यांपैकी तुम्ही टॅमॉक्सिफेनवर (इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारं) आहात की ॲरोमॅटेज इन्हिबिटरवर (शरीरात इस्ट्रोजेन बनणंच थांबवणारं) ते त्यांना आवर्जून सांगा, दुसऱ्या गटात जास्त जपतात.