हरभरा पेरू की थांबू? नोव्हेंबरच्या हवामानाबद्दल पूर्णाकाठच्या शेतकऱ्यांचा सल्ला हवा

नमस्कार मंडळी. शेत दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. चार एकरांत पऱ्हाटी (कापूस) आहे, तिच्यात तुरीची तासं (ओळी). दुसऱ्या चार एकरांतलं सोयाबीन निघालं, वखर मारून रान तयार ठेवलंय. तिथे जाकी ९२१८ हा हरभऱ्याचा वाण पेरायचा आहे.

विहीर आहे पण पाणी खारं. ते द्यावं तर जमीन चोपण (चिकट, घट्ट) होते. म्हणजे जमिनीत आज जी ओल आहे तेवढ्यावरच पीक काढायचं. वरची दोन बोटं माती सुकली, चार बोटांखाली अजून मातीचा लाडू वळतो. दुपारचं तापमान मात्र ३४ अंशांवर आहे. एवढ्या उन्हात पेरलं तर मर (रोप वाळवणारा रोग) लागेल म्हणतात, आणि थांबलं तर ओल उडून जाईल.

मोबाइलवरचं एक ॲप दहा-बारा दिवसांनी सलग चार दिवस पाऊस दाखवतं, दुसरं सगळं कोरडं. कापसाचा पहिला वेचा निम्मा बाकी आहे, बोंडं फुटून लोंबताहेत. हातात रोख पैसा एकाच कामापुरता आहे: एकतर वेचणीची मजुरी, नाहीतर बियाणं आणि ट्रॅक्टर. २०२३ मध्ये २६-२७ नोव्हेंबरच्या पावसात माझा कापूस भिजून कवडी (खराब) झाला आणि तुरीचा फुलोराही गळाला. तसं परत झालं तर यंदाचं वर्ष निभणार नाही, म्हणून विचारतोय. कोणता अंदाज धरू? बंगालच्या उपसागरातलं वादळ आपल्यापर्यंत येतं का?

प्रतिसाद, मूर्तिजापूरहून

भाऊ, दहा-बारा दिवसांनंतरचं ते ढगाचं चित्र सोडून द्या. ते रोज बदलतं, उद्या उघडून पाहा. हवामान खात्याचा तुमच्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज धरा. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक निघतं, ते मेघदूत ॲपवर मराठीत मिळतं. दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाजही येतो. त्यात तारीख शोधू नका, आठवडा नेहमीपेक्षा ओला की कोरडा एवढंच त्यातून घ्यायचं.

मुख्य म्हणजे तुम्हाला बाराव्या दिवसाचं माहीत असण्याची गरजच नाही. पेरल्यापासून पाच-सहा दिवस कोरडे हवेत. त्या काळात मोठी सर आली तर काळ्या मातीवर पपडी धरते आणि कोंब वर येत नाही. एकदा उगवून आल्यावर हलका पाऊस आला तर आपल्याकडच्या कोरडवाहू हरभऱ्याला तो उलट एक पाणी दिल्यासारखा.

प्रतिसाद, अकोल्याहून

वादळाचं सांगतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातल्या वादळांचा मोसम आहे, नोव्हेंबरात जास्त. बरीचशी तामिळनाडू-आंध्रकडे जातात आणि पश्चिम विदर्भात नुसतं ढगाळ होतं. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी फेंगल पुदुच्चेरीजवळ धडकलं, तेव्हा महाराष्ट्रातही आभाळ आलं आणि थंडी पळाली. पण २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मोंथा आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा उरलेला भाग विदर्भाकडे सरकून पाऊस देऊन गेला. म्हणजे वादळ जमिनीवर आल्यावर कुठे वळतं ते पाहायचं.

तुम्ही म्हणता तो २०२३ चा पाऊस वादळाचा नव्हता. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आला होता आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून बाष्प येत होतं, दोन्ही एकमेकांना भिडले. असा पाऊस तीन-चार दिवस आधी अंदाजात दिसायला लागतो. तेवढ्या दिवसांत फुटलेला कापूस वेचून घरात आणता येतो.

प्रतिसाद, अकोटहून

माझ्या मते आधी पेरा. पाच दिवस कोरडे असतील तर फुटलेला कापूस तेवढे दिवस झाडावर थांबेल, ओल थांबणार नाही. जाकी मर रोगाला दाद देत नाही, तरी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी) लावल्याशिवाय पेरू नका. नंतर सावलीत रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) चोळा, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. बी ओलीत पडलं पाहिजे, कोरडवाहूत १० सेंटिमीटरपर्यंत खोल चालतं. फण सुकल्या मातीतून गेला तर अर्धं बी वाया जाईल, म्हणून ट्रॅक्टरवाल्याला पहिल्या दोन काकऱ्यांनंतर थांबवून हाताने उकरून पाहा.

तुरीकडे मात्र लक्ष ठेवा. सलग ढगाळ राहिलं की घाटेअळी (शेंगा पोखरणारी अळी) वाढते, फुलोऱ्यात पाच टक्के निंबोळी अर्क फवारून घ्या. आणि पाऊस होऊन आभाळ एकदम मोकळं झालं, वारा पडला, की पहाटे धुवारी (दाट धुकं) येते. तिला माझ्याकडेही खात्रीचा उपाय नाही. आम्ही धुऱ्यावर (बांधावर) काडीकचरा पेटवून धूर करतो, थोडाफार फरक पडतो.

मूळ धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. आताच जिल्ह्याचा अंदाज पाहिला, पाच दिवस कोरडे दाखवतोय. परवा सकाळी पेरतो. वेचणीला घरचीच माणसं लावतो, जेवढा निघेल तेवढा. दव सुकल्यावरच वेचू, नाहीतर ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावर घेत नाहीत.

एक राहिलं. दर्यापूर-अंजनगाव भागात या आठवड्यात कोणी पेरलं असेल तर ओल किती खोल लागली ते कृपया लिहा. माझं रान नदीकडे उताराचं आहे, वरच्या बाजूची ओल खालच्यापेक्षा लवकर जाते. तिथे बी आणखी खोल टाकावं का, याचा निर्णय उद्या संध्याकाळपर्यंत घ्यायचा आहे.