पुणे ते नागपूर: विमान की गाडी? आज रात्रीच ठरवायचंय

घाईत_आहे
रस्त्याने नक्की किती तास? मॅप कधी अकरा दाखवतो, कधी तेरा. विमान सव्वा तासाचं, पण भाडं बघून डोळे पांढरे झाले. 'गूगल करा' म्हणू नका, तेच करून आलोय.

कोथरूडचे_काका
कधी, किती माणसं, कुठली गाडी? काहीच लिहिलं नाहीत. अंतर सातशेच्या आसपास. मी दिवाळीत पहाटे साडेचारला निघालो तरी शिक्रापूर-रांजणगावला कंपन्यांच्या बसेसमागे रखडलो. नगर, नेवासा फाटा करत संभाजीनगरला सावंगीजवळ समृद्धीवर चढेपर्यंत साडेनऊ. पुढचे साडेचारशे किलोमीटरही पाचच तासांत! म्हणजे खरा प्रवास पुणे ते सावंगीच.

घाईत_आहे
शुक्रवारी. चौघं, त्यात आजी.

ढगातला_माणूस
मग विमानच. सरळ रेषेत जेमतेम सव्वासहाशे किलोमीटर. पण सव्वा तासाला भुलू नका. लोहगावला दोन तास आधी, त्याआधी विमाननगरचं ट्रॅफिक, उतरल्यावर बॅगा. घर ते घर पाच तास धरा. आजींना व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा.

चाकं_चारच
गाडीने जाणार असाल तर टायरमध्ये नायट्रोजन भरा. काँक्रीट, ऊन आणि १२०चा वेग, टायर तापतात.

कोथरूडचे_काका
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो. टायर जुने असतील तर बदला आणि दाब गार टायरला तपासा.

चाकं_चारच
माझा मेहकरच्या पुढे फुटला तेव्हा साधीच हवा होती.

कोथरूडचे_काका
आणि टायर किती वर्षांचे होते?

चाकं_चारच
सात. पण मुद्दा तो नाही.

ठाणे_वेस्ट
समृद्धी ७०१ किलोमीटर आहे. ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू. आम्ही आठ तासांत पोचतो.

ढगातला_माणूस
प्रश्न पुण्याचा आहे.

ठेचा_भाकर
भाऊ, नागपुरात कुठं जाऊन राह्यले?

घाईत_आहे
लग्न वर्ध्याला आहे. इकडे सगळे नागपूरच म्हणतात म्हणून तसं लिहिलं.

ठेचा_भाकर
अरे बापा! मंग नागपूरले कायले जाता? विमानानं गेले तं पाऊणशे किलोमीटर उलटं यावं लागन. गाडी असन तं समृद्धीवरून येळाकेळीले उतरा, वर्धा जवळच हाय. नाही तं वंदे भारत पकडा, वर्ध्याले थांबते.

कोथरूडचे_काका
दौंड-मनमाड-भुसावळ करत ८८१ किलोमीटर फिरते ती! बारा तास आजींना बसवणार?

ठेचा_भाकर
अजनीले, म्हंजे नागपुरात, बारा तास, काका. वर्धा आधी येते. अन् गाडीत संडास असते का? सकाळी ६.२५ ले पुण्याहून निघते.

निवांत
पुण्याहून बाईकने समृद्धी कशी आहे? पुढच्या महिन्यात विचार आहे.

चाकं_चारच
दुचाकीला बंदी आहे तिथे.

घाईत_आहे
आमची गाडी सीएनजी आहे, वाटेत पंप मिळतील ना?

कोथरूडचे_काका
हे आत्ता सांगताय? समृद्धीच्या भरवशावर राहू नका. शहरातच टाकी भरा आणि पेट्रोलही ठेवा.

घाईत_आहे
आजीला विचारलं. तिला ट्रेनच हवी. वाटेत शेगाव लागतं, खिडकीतून हात जोडता येतील म्हणते. वेटिंग बघतो.

ढगातला_माणूस
जाताय तर येताना वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं आणा. दोन पुडे. पैसे लगेच पाठवतो.