सढळपणे वागूनही टीममध्ये एकवाक्यता का येत नाही?

चाकणवासी (प्रश्न)

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता आणि उत्पादन अशा दोन्ही बाजूंची माणसे असलेली टीम गेल्या वर्षीपासून माझ्याकडे आहे. रजा मागितली तर मी सहसा नाही म्हणत नाही, वरिष्ठांसमोर ज्याचे श्रेय त्याला नाव घेऊन देते आणि ग्राहकाची तक्रार आली की उत्तर द्यायला स्वतः पुढे होते. तरीही महिनाअखेर आली की दोन तट पडतात. काहींच्या मते माल वेळेवर रवाना होणे सर्वांत महत्त्वाचे, तर काहींच्या मते शंका असलेला एकही नग गेटबाहेर जाता कामा नये. गौरी-गणपतीला कोकणातल्या सगळ्यांना मी रजा दिली आणि मागे राहिलेल्यांनी लागोपाठ दुसरी पाळी करून माल पाठवला. तेव्हापासून एकमेकांच्या तपासणी-नोंदींवर सही करायलाही लोक कुरकुरतात. मोठ्या मनाने वागणे आणि टीम एका दिशेने नेणे यांचा मेळ बसत नसेल, तर हात आखडता घ्यावा का?

निवृत्त पर्यवेक्षक

हात आखडता घेऊ नका, पण जे देता ते कोणाच्या खिशातून जाते ते आधी पाहा. श्रेय देता तेव्हा स्वतःच्या वाट्याचे देता, ग्राहकाचे चार शब्द ऐकून घेता तेव्हाही किंमत स्वतःच मोजता. गणपतीच्या रजेची किंमत मात्र मागे राहिलेल्यांनी मोजली आणि पुण्य तुमच्या नावावर जमा झाले. कडक वाटेल, पण हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झाले. त्यांना जादा कामाचे पैसे दुप्पट दराने मिळाले असतीलही, परंतु तो तर कायद्याने दिलेला हक्क आहे. रजा कोणाला द्यायची हे ठरवताना आपल्याला कोणी विचारले नाही, हा सल त्याने जात नाही.

माल आधी की तपासणी आधी, हा वाद वेगळा आहे. त्याचा निवाडा तुम्ही केलेला नाही, म्हणून जो तो आपल्या खात्याच्या सोयीने करतो.

आंबेगावकर

आमच्या भागातली कितीतरी माणसे मुंबईत डबे पोहोचवण्याच्या धंद्यात आहेत, त्यामुळे थोडे त्याविषयी. डब्यावरच्या खुणांचे कौतुक सगळे करतात, पण महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेला हा धंदा इतकी वर्षे टिकला तो टोळीच्या हिशेबामुळे, असे माझे मत आहे. प्रत्येक टोळीला एक मुकादम असतो. गिऱ्हाइकांचे पैसे एकत्र होतात, खर्च वजा जाऊन उरलेले साधारण सारखे वाटले जातात, आणि मुकादमही प्रसंगी डबे उचलतो. टोळीत गरजेपेक्षा दोन-तीन माणसे जास्त ठेवलेली असतात, म्हणून एखादा आजारी पडला तर त्याचे काम दुसऱ्याच्या डोक्यावर अचानक येऊन पडत नाही. सुट्टीचेही तसेच. चैत्रात ग्रामदैवतांच्या यात्रा आल्या की गिऱ्हाइकांना आधी कळवून काही दिवस सेवाच बंद ठेवतात आणि सगळे गावी जातात, त्यामुळे कोणाची यात्रा मोठी हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय जेवणाच्या वेळेआधी डबा पोहोचला पाहिजे, याहून मोठे काही नाही, हे कालच कामाला लागलेल्या पोरालाही ठाऊक असते.

चाकणवासी

डबेवाल्यांची गोष्ट पटते, पण ग्राहकाची असेंब्ली लाइन आमच्या सणासाठी थांबणार नाही, तेव्हा सगळ्यांना एकदम सोडणे शक्य नाही. जास्तीची माणसे तर व्यवस्थापन देतच नाही. आणखी एक शंका आहे. ग्राहकासमोर मी चूक अंगावर घेते, त्यामुळे लोक निष्काळजी होत असतील का?

खगोलवेडा

तसे होईलच असे नाही. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-3 या उपग्रह-प्रक्षेपक यानाचे पहिले उड्डाण फसले. अब्दुल कलाम प्रकल्पसंचालक होते, परंतु पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी घेतली. 18 जुलै 1980 रोजी त्याच प्रकारच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केले. ही आठवण कलाम भाषणांतून सांगत, म्हणून ती सर्वांना माहीत आहे. मात्र तिचा अर्धाच भाग आपण लक्षात ठेवतो. धवन यांनी बाहेर पांघरूण घातले तरी आत झाडाझडती झालीच. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून नायट्रिक आम्लाची गळती झाली होती, इथपर्यंत तपास गेला आणि त्यानुसार सुधारणा झाल्या. तुम्ही ग्राहकाला उत्तर देऊन परत आल्यावर त्या नगाचे पुढे काय होते? कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणत्या सेटिंगवर तो बनला हे सर्वांसमोर, आवाज न चढवता, तपासले जात नसेल तर तुमची शंका रास्त आहे.

चाकणवासी

तपास होतो, पण गुणवत्तेची माणसे तो वेगळ्या खोलीत करतात आणि उत्पादनाला फक्त निष्कर्ष कळतो. ते आता मशीनशेजारीच, दोघांच्या उपस्थितीत करू. रजेसाठी गणपती, दिवाळी, ईद, नाताळ अशी वर्षभराची यादी आधीच लावून पाळ्या आळीपाळीने वाटणार आहे, आणि ती मी एकटीने न बनवता टीमसमोर बनवेन. शंकास्पद नग अडवायचा, मग गाडी उशिरा निघाली तरी चालेल, असेही लेखी देते. उशिराचे उत्तर मी देईन.

निवृत्त पर्यवेक्षक

यादीत दिवाळीच्या पहिल्या पाळीत आपले नाव घाला, बाकीची नावे भरायला फार वेळ लागणार नाही. आणि त्या लेखी सूचनेत एक ओळ वाढवा: रात्रपाळीत तुम्ही हजर नसताना नग अडवण्याचा अधिकार नेमका कोणाचा. ते लिहिले नाही तर पहाटे तीनला, ट्रक गेटवर उभा असताना, तोच जुना वाद पुन्हा सुरू होईल आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे चालेल.